गावातला खून आणि शेजारची चौकस बाई: कोझी मिस्ट्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानसं गाव, एक खून आणि पोलिसांच्या आधी खुन्यापर्यंत पोचणारी गावातलीच कुणीतरी व्यक्ती. अशा मालिका वाचणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न वाचकांचे आहेत, फक्त भाषा थोडी सावरून घेतली आहे. उत्तरं सुटी सुटी वाचता येतील. एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणत्याही पुस्तकातला खुनी इथे उघड केलेला नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

१. कोझी मिस्ट्री म्हणजे नेमकं काय? खून झाला की ती रहस्यकथाच ना?

रहस्यकथाच, पण तिची राहणी वेगळी. खून पडद्याआड होतो. आपल्याला प्रेत सापडतं, जीव जाताना दिसत नाही. गोष्ट एखाद्या गावात किंवा गावासारख्या बंदिस्त वस्तीत घडते आणि तिथे सगळे सगळ्यांना ओळखत असतात, निदान तसं समजत असतात. शोध घेणारी व्यक्ती पगारी पोलिस नसते. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही सेंट मेरी मीड गावात राहणारी अविवाहित म्हातारी. ती १९२७ मध्ये एका मासिकातल्या कथेत पहिल्यांदा आली आणि १९३० मध्ये पहिल्या कादंबरीत. 'मर्डर, शी रोट' या अमेरिकी टीव्ही मालिकेतली जेसिका फ्लेचर ही निवृत्त शिक्षिका आणि रहस्यकथा लेखिका. एम. सी. बीटनची अगाथा रेझिन जाहिरात-प्रसिद्धीची कंपनी विकून इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या कार्सली या खेड्यात राहायला आलेली. या सगळ्यांच्या आधी, १८९७ मध्ये, ॲना कॅथरिन ग्रीनने न्यूयॉर्कच्या अमेलिया बटरवर्थला शेजारच्या घरात नाक खुपसायला लावलं होतं. ही परंपरा तेव्हापासूनची.

माझ्या मते या प्रकारात खून हे निमित्त असतं. गावाला रोजचं काय ते माहीत असतं, म्हणून आज वेगळं काय झालं तेही कळतं. सगळा उलगडा याच ज्ञानावर उभा असतो. ते वाचता आलं की मजा दुप्पट होते (प्रश्न ६ आणि ७).

२. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

मिस मार्पलच्या बाबतीत पहिल्या कादंबरीपासून करू नका, असंच मी सांगतो. 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' चांगली आहे, पण ती गावच्या पाळकाच्या तोंडून सांगितलेली आहे. मार्पल तिथे बरीचशी कडेकडेने वावरते आणि पुढच्या पुस्तकांपेक्षा जास्त भोचक, थोडी आंबट वाटते. १९५० ची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' घ्या. अमुक घरी, अमुक वाजता खून होणार, अशी जाहिरात गावच्या वर्तमानपत्रात येते आणि सगळा गाव उत्सुकतेपोटी तिथे जमतो. याहून चांगलं दार या प्रकाराला नाही. मोठं पुस्तक झेपत नसेल तर १९३२ चा 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हा कथासंग्रह. कोपऱ्यात विणत बसलेली म्हातारी जाणत्या पाहुण्यांना प्रत्येक कथेत कसं गप्प करते ते पाहता येतं.

अगाथा रेझिन मात्र १९९२ च्या पहिल्या पुस्तकापासूनच वाचा. त्याचं कारण पुढच्या प्रश्नात.

३. पुस्तकं क्रमानेच वाचायला हवीत का?

मालिकेची नायिका बदलते की नाही, यावर ते अवलंबून आहे. अगाथा रेझिनचं आयुष्य पुढे सरकत जातं. शेजाऱ्यावर जीव जडतो, मैत्री होते, बिनसतं. मधलं पुस्तक आधी उघडलं तर खून समजेल, रुसवे समजणार नाहीत. मिस मार्पल जवळजवळ स्थिर आहे, त्यामुळे कुठूनही चालतं. तरी दोन जोड्या लक्षात ठेवा. 'द बॉडी इन द लायब्ररी' (१९४२) हे 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' (१९६२) च्या आधी वाचा. पहिल्यात ज्या गॉसिंग्टन हॉलच्या ग्रंथालयात प्रेत सापडतं, तोच वाडा वीस वर्षांनी एका चित्रपटतारकेने विकत घेतलेला असतो. गावाबाहेर नवी वसाहत उभी राहिलेली असते आणि मार्पलला एकटीने बाहेर पडू द्यायचं नाही म्हणून सोबतीला बाई ठेवलेली असते. ही गंमत उलट क्रमाने मिळत नाही. तसंच 'अ कॅरिबियन मिस्ट्री' (१९६४) आधी आणि 'नेमेसिस' (१९७१) नंतर, कारण दुसऱ्याची सुरुवातच पहिल्यातल्या एका म्हाताऱ्या धनिकाच्या मृत्युपत्रापासून होते.

अपवाद 'स्लीपिंग मर्डर' चा. १९७६ मध्ये, लेखिकेच्या मृत्यूनंतर, मार्पलची शेवटची केस म्हणून ते छापलं गेलं, पण लिहिलं होतं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि ठेवून दिलं होतं. त्यामुळे मार्पल त्यात चांगली हिंडती-फिरती आहे आणि 'मिरर' मध्ये हयात नसलेले कर्नल बँट्री इथे चक्क भेटतात. निरोपाचं पुस्तक म्हणून राखून ठेवलंत तर हिरमोड होईल. मधेच कधीतरी वाचून टाका.

४. एवढ्याशा गावात इतके खून? हे पचत नाही.

पचायला नकोच. जेसिका फ्लेचरची मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा हंगाम चालली, २६४ भाग झाले. तिचं कॅबट कोव्ह हे मेन राज्यातलं समुद्रकाठचं छोटं गाव. तिथे घर घेऊ नये, हा विनोद मालिका चालू असतानाच जुना झाला होता. लेखक मंडळींनाही हे कळत होतं. जेसिका सतत पुतण्या-भाच्यांकडे, व्याख्यानांना, पुस्तकाच्या कामाला बाहेरगावी जाते, आणि १९९१ पासून तर तिला न्यूयॉर्कमध्ये शिकवायची नोकरी आणि दुसरं घर दिलं गेलं.

मिस मार्पलवर हा आरोप मात्र अन्याय करणारा आहे. बारा कादंबऱ्यांपैकी सेंट मेरी मीडशी घट्ट बांधलेल्या आहेत त्या प्रश्न २ आणि ३ मध्ये आलेल्या तीनच: पाळकाच्या घरची, ग्रंथालयातली आणि 'मिरर'. बाकी वेळी ती कुणाच्या तरी घरी, हॉटेलात, बेटावर, बसच्या सहलीला असते. गाव बदनाम झालं ते वाचकांच्या आठवणीत.

उरलेल्या शंकेला माझं उत्तर एवढंच, की हा संकेत आहे आणि तो पहिल्या पानावर मान्य करायचा. संगीत नाटकात राजा मधेच गायला लागला तर आपण हरकत घेत नाही.

५. पोलिस अशा उपऱ्या बाईला तपासात येऊ कसे देतात?

चांगली मालिका याची सोय आधी लावते. मार्पलच्या मागे सर हेन्री क्लिदरिंग हे स्कॉटलंड यार्डचे निवृत्त प्रमुख उभे आहेत. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' मधला इन्स्पेक्टर क्रॅडॉक त्यांचाच धर्मपुत्र, त्यामुळे शब्द टाकायला जागा मिळते. उलट गावचा इन्स्पेक्टर स्लॅक तिला पाण्यात पाहतो. अगाथा रेझिनला बिल वाँग हा तरुण पोलिस मित्र मिळतो. तो माहिती देतो आणि लुडबुड करू नका म्हणून दमही देतो.

बारकाईने पाहिलंत तर हौशी माणसाला लागतं त्यातलं फार थोडं पोलिसांकडून येतं. शवविच्छेदनाचा निष्कर्ष, एखादी वेळ, बँकेचा हिशेब. बाकी सगळं चहाच्या टेबलावर मिळतं, आणि ते पोलिसाला मिळत नाही कारण गणवेश दिसला की माणसं जपून बोलतात. मोलकरीण, दुकानदार, टपाल वाटणारा यांना विचारायचं कुणाला सुचत नाही, सुचलं तरी नीट ऐकून घेतलं जात नाही. शेवटी सापळा रचायला मात्र पोलिस लागतातच, कारण अटक करायचा अधिकार हौशी माणसाला नाही. ज्या मालिकेत नायिका दर वेळी कुणालाही न सांगता एकटी खुन्याच्या घरी जाते, ती मी तिसऱ्या पुस्तकात सोडतो.

६. सगळं आयुष्य एका लहान गावात काढलेली म्हातारी माणसं इतकी अचूक कशी ओळखते?

गावात आयुष्य काढलं म्हणूनच. मार्पलची पद्धत साम्याची आहे. समोरच्या श्रीमंत गृहस्थाकडे पाहून तिला गावातला एखादा दुकानातला पोऱ्या आठवतो, ज्याने असंच गोड बोलून पैसे उडवले होते. ऐकणारे हसतात, कारण कुठे हा माणूस आणि कुठे तो पोऱ्या. पण तिचं म्हणणं असं की स्वभावाचे साचे मोजकेच असतात. लहान गावात ते जवळून आणि वर्षानुवर्षं पाहायला मिळतात. शहरात माणूस एका प्रसंगात भेटतो. गावात त्याचं बालपण, लग्न, उधारी आणि म्हातारपण सगळं डोळ्यांसमोर जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला दिसतं खूप आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही. बागेत तण उपटत बसलं की रस्त्यावरून कोण कधी गेलं याची आपोआप नोंद होते. पक्षी पाहायची दुर्बीण हाताशी असली तर आणखी लांबचं दिसतं. विणकाम करणाऱ्या बाईसमोर माणसं मोकळेपणी भांडतात. वय, बाईपण आणि एकटेपण या तिन्हींमुळे लोक तिला मोजत नाहीत, आणि ती त्याचा पुरेपूर फायदा घेते.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही: ती माणसांबद्दल चांगलं गृहीत धरत नाही. वागायला मवाळ आणि विचार मात्र निर्दय. कुणी सांगितलं ते खरं धरायचं नाही, पडताळायचं. गोड म्हातारी समजून पुस्तक उघडणाऱ्यांना या कडवटपणाचा धक्का बसतो. मला विचाराल तर या पुस्तकांची चव त्यातच आहे. नुसती गोड असलेली कोझी दोन बैठकांत मिळमिळीत होते.

७. खुनी मला आधी ओळखायचाय. वाचताना कशावर लक्ष ठेवू?

आधी हे, की खेळ प्रामाणिक असतो. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू असलेल्या रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये दहा नियम मांडले. शोध घेणाऱ्याला जे धागेदोरे सापडतात ते वाचकासमोर ठेवलेच पाहिजेत, हा त्यातला गाभा. १९३० मध्ये लंडनमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला. जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. दैवी साक्षात्कार आणि निव्वळ योगायोग यांच्या आधाराने गुंता सोडवणार नाही, अशी शपथ सदस्य घेत. म्हणजे उत्तर पुस्तकात आहे. ते लपवलंय कुठे, एवढाच प्रश्न.

बहुधा घरकामात लपवलेलं असतं. कपाटातली पिशवी, दिव्याची वात, फुलांचं पाणी, बंद खिडकी. 'व्हिकरेज' मध्ये पाळकाच्या घरातलं घड्याळ उशीर होऊ नये म्हणून मुद्दाम पाव तास पुढे ठेवलेलं असतं. हे आपल्याला हसत हसत सांगितलं जातं आणि आपण हसून पुढे जातो. अशा वाक्यावर थांबा. वस्तूंची यादी आली की मधल्या वस्तूकडे पाहा. पहिली आणि शेवटची सगळ्यांच्याच लक्षात राहते.

प्रत्येक माहितीला विचारा: हे कुणी सांगितलं? लेखकाने निवेदनात सांगितलेलं आणि पात्राने बोललेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. 'ती साडेसहाला जिवंत होती' हे एकाच माणसाच्या शब्दावर टेकलेलं असेल, तर पाल चुकचुकायला हवी. खुनाची वेळ सगळ्यांना फार पक्की ठाऊक असेल तर आणखीच. 'खरं तर मलाच मारायचं होतं, चुकून दुसरा गेला' हे जो म्हणतो त्याचंही तसंच. खरं असतं कधी कधी, पण ते म्हणण्यात त्याचा फायदा काय ते पाहा. आणि माणूस जो म्हणवतो तोच आहे का? 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' मधली अस्वस्थता याच प्रश्नातून येते. युद्धाआधी गावात नवीन घर झालं की ओळखीपाळखीची पत्रं येत. युद्धानंतर माणसं कुठून कुठून आली आणि त्यांच्याबद्दल त्यांनी स्वतः सांगितलं तेवढंच गावाला ठाऊक.

दुसरा खून झाला की पहिल्यावरचा जोर थोडा कमी करा आणि दुसऱ्याचा विचार करा. पहिल्या खुनाची आखणी महिनोन् महिने झालेली असते, दुसरा घाईत होतो आणि चुका तिथे सापडतात. त्या माणसाने काय पाहिलं होतं? 'आत्ता नको, नंतर सांगते' असं फोनवर म्हणणाऱ्या पात्राचं आयुष्य चार पानांचं, हे तुम्हालाही माहीत असेलच. तिची बाकीची वाक्यं मात्र मागे जाऊन पुन्हा वाचा.

तीन चतुर्थांश पुस्तक झालं की मिटा आणि एक नाव ठरवा. नावासोबत कारण हवं. 'मला तो आवडत नाही' हे कारण चालत नाही, कारण लेखकाने तो मुद्दाम नावडता केलेला असतो.

८. मला कधीच ओळखता येत नाही. मग वाचण्यात अर्थ आहे का?

भरपूर. चांगलं फसवलं जाणं हाच अर्धा आनंद आहे. फसल्यावर पुस्तक बाजूला न ठेवता लगेच पहिली तीन प्रकरणं पुन्हा चाळा. काखेत कळसा होता हे दिसेल.

९. पात्रांची नावं लक्षात राहत नाहीत. कर्नल, मेजर, मिस अमुक... सगळी सारखीच वाटतात.

नावं पाठ करू नका, घरं लक्षात ठेवा. कोणतं घर कुणाचं, कुणाच्या खिडकीतून काय दिसतं, कोण कुणाच्या दारावरून बाजारात जातं. कागदावर वेडावाकडा नकाशा काढला तरी पुरतो आणि कित्येकदा उत्तरही त्या नकाशात सापडतं. काही जुन्या आवृत्त्यांत नकाशा छापलेला असतो. तो सजावट समजून उलटू नका.

मग प्रत्येकाचं पोट कशावर चालतं ते पाहा. इंग्लिश गावातली माणसं त्याने उलगडतात. व्हिकर म्हणजे पाळक. घर चर्चचं, मान मोठा, मिळकत बेताची. कर्नल किंवा मेजर बहुधा सेवानिवृत्त आणि पेन्शनवर. 'कम्पॅनियन' म्हणजे श्रीमंत बाईच्या सोबतीला पगारावर राहणारी, शिकलेली पण निर्धन बाई. धड नोकर नाही, धड घरची नाही, आणि मृत्युपत्रात काय आहे यावर तिचं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं. 'डेली' म्हणजे रोज येऊन काम करून जाणारी, तिला चार घरांच्या बातम्या ठाऊक. वकील आणि डॉक्टर सगळ्यांची गुपितं बाळगून असतात. युद्धोत्तर पुस्तकांत रेशन पुस्तिका आणि अंडी-लोण्याची लपूनछपून देवाणघेवाण येते. ब्रिटनमध्ये अन्नाचं रेशनिंग १९४० पासून १९५४ पर्यंत होतं, त्यामुळे कुणाच्या मागच्या दारी कोण कशाला आलं होतं हे न सांगण्यामागे खुनापेक्षा लोणी असू शकतं. खोटं बोलणारा प्रत्येक जण खुनी नसतो. बहुतेकांना काहीतरी किरकोळ झाकायचं असतं, आणि अर्धं पुस्तक त्यावरच चालतं.

१०. 'इन्क्वेस्ट' चं दृश्य दर पुस्तकात येतं. तो खटला असतो का?

नाही. संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर नावाचा अधिकारी चौकशी भरवतो: मेलं कोण, कधी, कुठे आणि कसं. जुन्या पुस्तकांत ती गावातल्याच सभागृहात किंवा खानावळीत भरते आणि सगळा गाव लोटतो. लेखकाला सगळी पात्रं एका छताखाली आणायला याहून सोयीचं काही नाही. 'अज्ञात व्यक्तीकडून खून' हा ठराविक निकाल तिथलाच. एक बारकावा: इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्यापर्यंत या चौकशीतल्या पंचांना खुनी म्हणून नाव घेण्याचा अधिकार होता आणि त्या नावावर माणूस खटल्याला पाठवता येई. म्हणून जुन्या कादंबऱ्यांत या दृश्याला धार असते. नव्यांत ते बहुतेक उरकलं जातं.

११. रक्तपात नसतो म्हणता, मग किशोरवयीन मुलांना बिनदिक्कत देऊ का?

बहुतेक देता येतील, पण आधी चाळून. वर्णन सौम्य असलं तरी विषय सौम्य नसतो. ख्रिस्तीच्या काही पुस्तकांत बळी कोवळ्या वयाचे आहेत. निनावी घाणेरडी पत्रं, ब्लॅकमेल, आत्महत्या हेही येतं.

विषाबद्दलही विचारणा होते. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीने टॉर्की इथल्या रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं होतं, त्यामुळे विषाचे तपशील पक्के. तिच्या १९२० च्या पहिल्या कादंबरीची 'फार्मास्युटिकल जर्नल' ने याबद्दल वाखाणणी केली होती. जुन्या पुस्तकांत विष विकत घेताना नोंदवहीत सही करण्याचा प्रसंग येतो, तो काल्पनिक नाही. १८५१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये आर्सेनिक विकताना नोंद आणि सही बंधनकारक झाली, आणि कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात काजळी किंवा नीळ मिसळायची सक्तीही आली. म्हणून कथेतले खुनी माळ्याच्या खोपटातलं तणनाशक शोधतात.

१२. जुन्या पुस्तकांतले नोकरांबद्दलचे, परदेशी लोकांबद्दलचे शेरे खटकतात. काय करावं?

खटकणं बरोबर आहे. मोलकरणींना मूर्ख ठरवणं आणि बाहेरच्याकडे आधी बोट दाखवणं हे त्या काळच्या पुस्तकांत सर्रास आहे. कधी लेखिका त्या पूर्वग्रहाचा चकवा म्हणून वापर करते, गाव ज्याच्यावर संशय घेतो तो निर्दोष निघतो. पण प्रत्येक वेळी तसं नसतं, आणि ओढूनताणून सारवासारव करण्यात अर्थ नाही. अलीकडच्या काही आवृत्त्यांत असे शब्द बदललेले किंवा गाळलेले आहेत. दोन आवृत्त्यांत मजकूर वेगळा दिसला तर तुमची प्रत सदोष नाही. मी जुना मजकूर वाचणं पसंत करतो, पण मुलांना देताना नवा द्यायला हरकत नाही.

१३. शोध घेणारा पोलिसच असेल तर ती मालिका यात धरायची का?

काटेकोरपणे नाही, चवीने हो. बीटनचाच हॅमिश मॅकबेथ (१९८५ पासून) स्कॉटिश हायलँड्समधल्या लॉकडू गावचा हवालदार आहे, पण बढती टाळून गावातच राहू पाहणारा. त्याचं काम चालतं ते गावकऱ्यासारखंच. लुईस पेनीच्या मालिकेत (२००५ पासून) थ्री पाइन्स हे गाव आहे, शोध मात्र क्युबेकच्या पोलिसदलातला गामाश घेतो आणि सूर हळूहळू गडद होत जातो. 'मिडसमर मर्डर्स' (१९९७ पासून) मध्ये गावं गोजिरवाणी आणि मरणं चमत्कारिक. तिला मी कोझीची थट्टा म्हणूनच पाहतो.

फादर ब्राउनचं त्रांगडं वेगळं आहे. चेस्टरटनच्या १९१० पासूनच्या कथांत हा पाद्री कुठेही उगवतो, त्याचं म्हणावं असं गाव नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या बीबीसी मालिकेने त्याला १९५० च्या दशकातल्या केम्बलफर्ड या काल्पनिक गावात बसवलं, भोवती माणसं दिली आणि पक्का कोझी केला. मालिका आवडली म्हणून कथा घेतल्यात तर वेगळंच काही हाती येईल, कदाचित जास्त चांगलं. गावाऐवजी निवृत्तांची वसाहत असलेली रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) मात्र निःसंशय यातच.

१४. आधी पुस्तक की आधी मालिका?

पुस्तक. कारण शुद्धतेचं नाही, सोयीचं आहे: पडद्यावर ओळखीचा मोठा नट लहानशा भूमिकेत दिसला की अर्धं रहस्य फुटतं. मिस मार्पलपुरतं सांगायचं तर जोन हिक्सनने १९८४ ते १९९२ मध्ये बाराही कादंबऱ्या केल्या आणि त्या मूळाला सगळ्यांत जवळच्या आहेत. मार्गारेट रदरफोर्डचे १९६१ ते १९६४ मधले चार चित्रपट धमाल आहेत, पण त्यातल्या दोन चित्रपटांची कथा मुळात ख्रिस्तीच्याच दुसऱ्या गुप्तहेराच्या, प्वारोच्या, कादंबऱ्यांची आणि एकाची तर थेट पडद्यासाठी रचलेली. गंमत म्हणजे त्यातल्या पहिल्या चित्रपटात हिक्सन एका छोट्या भूमिकेत आहे. २००४ ते २०१३ ची आयटीव्ही मालिका पाहून तुम्हाला शेवट माहीत आहे असं वाटत असेल, तरी पुस्तक वाचा. तिने काही ठिकाणी खुनीच बदलला आहे आणि मुळात मार्पल नसलेल्या कथांतही मार्पल घुसवली आहे.

१५. वेगळ्या नावाचं पुस्तक घेतलं आणि तीच गोष्ट निघाली. असं कसं?

ब्रिटन आणि अमेरिकेत नावं वेगळी ठेवण्याची प्रथा होती. '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' अमेरिकेत 'व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!' झालं. 'दे डू इट विथ मिरर्स' हे 'मर्डर विथ मिरर्स', आणि 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हे 'द ट्यूसडे क्लब मर्डर्स'. घेण्याआधी आतल्या पानावरचं मूळ नाव पाहा.

१६. लेखक गेल्यावर दुसऱ्यांनी पुढे चालवलेली पुस्तकं वाचावीत का?

बीटन २०१९ मध्ये वारल्या. अगाथा रेझिन आणि हॅमिश मॅकबेथ आर. डब्ल्यू. ग्रीन पुढे लिहीत आहेत. मार्पलवर २०२२ मध्ये बारा वेगवेगळ्या लेखिकांचा कथासंग्रह आला. मूळ मालिका संपवल्यावरच याकडे वळा. गाव तेच असतं, पण गावाच्या बोलण्याचा हेल बदललेला जाणवतो, आणि या प्रकारात तो हेलच महत्त्वाचा.

१७. मांजरं आणि पाककृती असलेली पुस्तकंही यातच का?

हो. लिलियन जॅक्सन ब्राउनची मांजरांची मालिका १९६६ पासूनची. जोअॅन फ्लूकच्या २००० पासूनच्या मालिकेत नायिका बेकरी चालवते आणि पुस्तकातच कृती दिलेल्या असतात. कृती चांगल्या, कोडी हलकी. डोकं दमलेलं असेल तेव्हासाठी ठीक.

१८. एवढ्या हलक्याफुलक्या पुस्तकांत खुनी शेवटी स्वतःच मरतो, असं पुष्कळदा का?

ब्रिटनमध्ये खुनाला फाशी होती. ती स्थगित झाली १९६५ मध्ये. तोवर 'खुनी सापडला' याचा अर्थ एका ओळखीच्या शेजाऱ्याला दोरखंडापर्यंत पोचवणं असा होता, आणि लेखकाला शेवटच्या प्रकरणात ते नको असायचं. मग अपघात, विषाचा घोट, उडी. मिस मार्पल याबाबत बिलकूल हळवी नाही, निरपराध मेला आहे हे ती विसरू देत नाही. १९६५ नंतरच्या पुस्तकांत ही सक्ती उरली नाही, तरी काही लेखक सवयीने खुन्याला कड्यावरून पाडतात. तिथे मला आळस दिसतो.

१९. ही गावं खरंच आहेत का? जाऊन पाहता येतील?

सेंट मेरी मीड, कार्सली, कॅबट कोव्ह, सगळी कागदावरची. सेंट मेरी मीड हे नाव तर मार्पलच्या पहिल्या कादंबरीआधी, १९२८ च्या एका प्वारो कादंबरीत एका तरुणीचं गाव म्हणून येऊन गेलं होतं. चित्रीकरणाच्या जागा मात्र खऱ्या. हिक्सनच्या मालिकेतलं गाव हॅम्पशायरमधलं नेदर वॉलप. मेन राज्यातलं म्हणून दाखवलेलं कॅबट कोव्ह प्रत्यक्षात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोत उभं केलं होतं. तिथे जेसिकाचं घर म्हणून दिसणारं ब्लेअर हाउस आता पाहुण्यांना राहायला देतात.